शंभर माणसांना तांदूळ किती?

गेल्या उन्हाळ्यात सांगलीला मावशीच्या घरासमोर वास्तुशांत होती. शंभरेक पानं. चार दिवस आधी त्या घरातला मुलगा कट्ट्यावर बसून फोनला विचारत होता, "शंभर माणसांच्या जेवणाला तांदूळ किती लागेल?" फोन म्हणाला, साधारण दहा किलो. पाठोपाठ डाळ, तेल, मीठ, भाजी यांचं कोष्टकही आलं. अर्ध्या मिनिटात काम झालं. मावशी तेव्हा समोरच्या अंगणात सांडगे राखत बसली होती. मध्ये फार तर वीस पावलांचा रस्ता.

मावशी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. पूर्वी त्या गल्लीत मुंज असो, बारसं असो की तेरावं, हा प्रश्न तिच्याकडे यायचा. ती कधीच सरळ आकडा सांगायची नाही. आधी उलटतपासणी. जेवण दुपारचं की रात्रीचं? पंगत की बुफे? पुऱ्या आहेत का? माणसं कुठली, कोकणातली की देशावरची? लेकुरवाळ्या किती? मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजून आकडा सांगायची, आणि वर दोन किलो वेगळे बांधून ठेवायला लावायची, "लागलाच तर सोडा, नाहीतर दुकानदाराला परत."

फोनचं उत्तर चुकलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. भात पुरला. त्या मुलाने काही वावगंही केलं नाही. पण त्याच सुमारास मावशीच्या मुलाने तिच्या फोनमध्येही तोच बोलका सहायक घालून दिला होता, "कंटाळा आला की याच्याशी बोलत जा" म्हणून. म्हणजे ज्या यंत्राने तिच्याकडे येणारा प्रश्न वाटेतच उचलला, तेच यंत्र तिला सोबतीला मिळालं. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि म्हातारपण यांवर सध्या जे काही बोललं जातं, त्यातला दुसरा अर्धा भाग तेवढा ऐकू येतो. यंत्र म्हाताऱ्यांची सोबत करेल का, त्यांचं नैराश्य हटवेल का, त्यांच्या आठवणी ऐकेल का. पहिल्या अर्ध्याचं, म्हणजे त्यांना कोण काय विचारणार याचं, कुणी नाव काढत नाही. माझं भांडण या अर्धवटपणाशी आहे.

एकटेपणा हा सरकारी विषय झाला, ही तशी अलीकडची गोष्ट. ब्रिटनने २०१८ साली त्यासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या जूनअखेर अहवाल दिला, की जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा छळतो आणि वर्षाला आठ लाख एकाहत्तर हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध लावता येतो. त्याच अहवालातली एक गोष्ट मात्र बातम्यांत मागे पडली. एकटेपणाचं प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा किशोरवयीन मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये जास्त निघालं. ती गोष्ट मनात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

दुखणं सरकारी झालं की औषधाचं टेंडर निघतंच. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी 'पारो' नावाचं सीलचं पिल्लू बनवलं. पांढरं, केसाळ, कुरवाळलं की डोळे मिटून आवाज करणारं यंत्र. कुत्रा किंवा मांजर का नाही, तर ते प्राणी माणसाच्या पक्के ओळखीचे असतात आणि खोटं लगेच कळतं. सील कुणी पाळलेलंच नसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली पारोला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. २०२२ साली न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण खात्याने एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांना 'एलिक्यू' नावाची आठशेहून अधिक बोलकी यंत्रं वाटायचं ठरवलं. टेबलावरच्या दिव्यासारखं दिसणारं हे यंत्र आपणहून बोलायला सुरुवात करतं, पाणी प्यायलात का विचारतं, विनोद सांगतं. आपल्याकडे इतका थाट अजून नाही. आपल्याकडे मुलगा येतो, फोनमध्ये ॲप घालतो आणि रविवारच्या गाडीने परत जातो.

या सगळ्यामागे म्हाताऱ्या माणसाचं एक चित्र गृहीत धरलेलं असतं: ऐकणारं कुणी नसलेला, खचलेला, करमणुकीचा भुकेला जीव. हे चित्र कितपत खरं आहे, यावर ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांतले एक डॉ. दिलीप जेस्ते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकले, मुंबईत के. ई. एम.मध्ये मानसोपचार शिकले, पुढे अमेरिकेत सॅन डिएगोला अनेक वर्षं संशोधन केलं. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्षही होते. त्यांच्या गटाने २०१६ साली सॅन डिएगोतल्या १,५४६ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, एकवीस ते शंभर वर्षं वयाच्या. शरीर आणि स्मरणशक्ती वयाबरोबर घसरतात, हे अपेक्षेप्रमाणेच निघालं. मानसिक स्वास्थ्य मात्र उलट दिशेने गेलं. सगळ्यांत बेजार होते ते विशीतिशीतले. वय वाढत गेलं तसं समाधान वाढलं, काळजी कमी झाली.

अर्थात सॅन डिएगो म्हणजे सोलापूर नव्हे. त्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेले किंवा शुश्रूषागृहात राहणारे लोक धरलेले नव्हते, आणि तिथल्या निवृत्त माणसाची पेन्शन व आपल्याकडच्या विधवा शेतमजूर बाईची पेन्शन यांची तुलना करणं हा विनोद झाला. आपल्याकडे देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या मोठ्या पाहणीत, २०१७-१८ साली, साठीपुढच्या साधारण आठ टक्के लोकांमध्ये गंभीर नैराश्याची लक्षणं दिसली होती. म्हणजे दर बारांमागे एक. संख्या लहान नाही. पण उरलेले अकरा कुठे गेले? 'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपण त्यांना त्या एकाच्याच खात्यात टाकून मोकळे झालो.

आता शहाणपण. हा शब्द आपण लहान मुलांना धपाटा घालताना वापरतो, त्यामुळे त्याचं मोजमाप करायचं म्हटलं की हसू येतं. पण बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत मानसशास्त्रज्ञ पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजायचा चिकाटीने प्रयत्न केला. ते लोकांपुढे आयुष्यातला एखादा पेच ठेवायचे आणि मोठ्याने विचार करायला सांगायचे. त्यातला एक पेच असा: पंधरा वर्षांच्या एका मुलीला ताबडतोब लग्न करायचं आहे, तिने काय करावं? "छे, पंधराव्या वर्षी लग्न म्हणजे मूर्खपणा," असं फटकन सांगणाऱ्याला गुण कमी. "एरवी मी नाहीच म्हणेन, पण थांबा, ती आजारी आहे का, तिचे आईबाप आहेत का, ती कुठल्या समाजातली, कुठल्या काळातली," असं विचारत जाणाऱ्याला जास्त.

आपल्याकडे हा पेच कागदावरचा नाही. ऊसतोडीला सहा सहा महिने घर सोडून जाणाऱ्या मराठवाड्यातल्या आईला तो दर दिवाळीनंतर पडतो, कारण वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची हा तिचा पहिला प्रश्न असतो. कायदा नाही म्हणतो आणि रास्तच म्हणतो. पण त्या आईशी बोलायला बसणाऱ्याला नुसतं कलम पाठ असून भागत नाही. पोरीला कुठे ठेवता येईल, शाळा किती लांब आहे, आजी धडधाकट आहे का, हे त्याला विचारावं लागतं. मावशीच्या "माणसं कुठली?" या प्रश्नाची जात हीच. आणि वय झालं की शहाणपण आपोआप येतं, असं बाल्टेस यांनाही आढळलं नाही. तिशीतली शहाणी माणसं निघाली, सत्तरीतली बिनडोकही. हे सांगायला बर्लिनला जायची गरज नव्हती म्हणा. कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला बसावं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग यंत्र यात कमी पडतं असं म्हणा आणि संपवा. ते मी म्हणणार नाही, कारण ते टिकणार नाही. आजच्या संभाषणयंत्रापुढे बाल्टेस यांचा पेच ठेवला तर ते छान, समतोल, चार बाजू पाहणारं उत्तर देतं. उद्या तांदूळ विचारल्यावर ते आपणहून विचारेल, वऱ्हाड कुठलं. जेस्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली 'कृत्रिम शहाणपण' अशी कल्पनाच मांडली: नुसती बुद्धी माणसाचं भलं करत नाही, तेव्हा कणव, भावनांवर ताबा, स्वतःकडे वळून पाहणं असे गुण यंत्रात काही अंशी उतरवता आले तर ती यंत्रं माणसाच्या जास्त उपयोगी पडतील. पडोत की. माझा मुद्दा यंत्राला काय येतं आणि काय येत नाही यावर उभाच नाही. शहाणपण यंत्राला आलं, तरी ते वापरायची संधी म्हाताऱ्या माणसाच्या हातून गेली ती गेलीच.

शहाणपण ही तिजोरीत ठेवायची वस्तू असती तर प्रश्न नव्हता. ते विहिरीसारखं आहे, उपसा थांबला की पाणी बसतं आणि शेवाळ धरतं. जेस्ते यांच्या यादीत शहाणपणाचा एक घटक दुसऱ्याला सल्ला देता येणं हा आहे. म्हणजे शहाणं असायला समोर विचारणारा लागतो. एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने माणसाच्या आयुष्याचे टप्पे सांगताना पुढच्या पिढीला घडवायच्या ओढीला मोठं स्थान दिलं. ही ओढ अडली की माणूस आतून थिजतो, असं त्याचं निरीक्षण. आपल्याकडे यासाठी पुस्तकी शब्द नाही, पण बायका म्हणतात, "आता मला कोण विचारतंय?" या एका वाक्यात मानही आहे आणि प्रश्नही आहे. मराठीत 'विचारणं' हे क्रियापद दोन्हीला चालतं, आणि ते उगाच चालत नाही.

मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. दर सोमवारी सकाळी पासबुक भरून घ्यायला ठरावीक सात-आठ म्हातारी माणसं यायची. आठवड्यात खात्यात काही घडलेलं नसायचं. तरी पासबुक सरकवायची, आणि मग कुणी मला मुदतठेवीऐवजी पोस्टात कसं ठेवावं ते सांगायचं, कुणी माझ्या मुलीच्या दहावीची चौकशी करायचं. मॅनेजर चिडायचे. पुढे दारातच पासबुक छापायचं यंत्र आलं, रांग संपली, आणि ती माणसंही यायची बंद झाली. आमचं काम हलकं झालं, हे मी नाकारत नाही. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी शिकवलेली चक्रवाढीची तोंडी युक्ती मी शेवटच्या दिवसापर्यंत वापरली. तेवढं मात्र त्या यंत्राने मला शिकवलं नसतं, आणि त्यांच्याकडून घेतलंही नसतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाहीतर हा लेख जुन्या काळाचे गोडवे गाणारा होईल. म्हाताऱ्यांचे सल्ले पुष्कळदा चुकीचे असतात, आणि चुकीचे असून सक्तीचे असतात. तान्ह्या बाळाला मध चाटवा, डोळ्यांत काजळ घाला, बाळंतिणीला पाणी कमी द्या. माझ्या पिढीतल्या किती सुनांनी हे सल्ले रडत पाळले, ते आम्हाला ठाऊक आहे. आज रात्री दोन वाजता बाळ रडायला लागलं की सून सासूला उठवण्याऐवजी फोनला विचारते, तेव्हा तिला टोमण्याशिवाय उत्तर मिळतं. हे सुख लहान नाही आणि मी ते तिच्याकडून काढून घेणार नाही. बाळाच्या तापाचं डॉक्टरलाच विचारावं. पण रडणारं बाळ मांडीवर घेऊन जागं बसायचं कसं, नवऱ्याला न बोलता कसं उठवायचं, हे तिने सासूला विचारायला हरकत नव्हती. माहितीचा प्रश्न आणि अनुभवाचा प्रश्न असे दोन ढीग वेगळे करायला हवे होते. आपण दोन्ही एकाच खिडकीत नेऊन टाकले.

यंत्र सोबतीला बसतं तेव्हा ते कसं वागतं, तेही पाहायला हवं. मावशी चार महिने त्या सहायकाशी बोलतेय. परवा म्हणाली, "बरा आहे गं, पण हा माझं सगळंच बरोबर म्हणतो." तिने त्याला तांदळाचं सांगून पाहिलं होतं. आधी माणसं कुठली ते विचारावं, मग आकडा. तो म्हणाला, फारच उत्तम मुद्दा. दोन दिवसांनी तिने मुद्दाम तोच प्रश्न टाकला. पुन्हा दहा किलो. "मेल्याला दोनदा सांगितलं," मावशी म्हणाली. तिला राग चुकीचा आला नव्हता. शिकवलेलं समोरच्याच्या अंगी लागताना दिसणं, ही तिची आयुष्यभराची मिळकत होती.

होकाराची ही सवय यंत्र बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ओपनएआय कंपनीला आपल्या चॅटजीपीटीची एक सुधारणा काही दिवसांत मागे घ्यावी लागली, कारण ते वापरणाऱ्याची भलतीच तळी उचलायला लागलं होतं. मागे घेतली हे ठीक. पण ज्याचा धंदा माणसाने पुन्हा पुन्हा येण्यावर चालतो, त्याला कडू बोलणं परवडत नाही, हा पेच मागे घेता येत नाही. मावशीची जाऊ तिच्याशी आठ वर्षं बोलत नव्हती, कारण मावशीने तिला तोंडावर सांगितलं होतं की धाकट्याच्या नावावर घर करशील तर मोठा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. आठ वर्षांनी तीच जाऊ घराच्या कागदांसाठी मावशीकडे आली. आपण रागावू याची ज्याला भीती नाही, असं माणूस म्हातारपणी जवळ असणं हे खरं मानसिक स्वास्थ्य.

गोडव्याचं टोक किती लांब जातं, याची एक गोष्ट रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये छापली. अमेरिकेत न्यू जर्सीत ७६ वर्षांचे एक गृहस्थ, आधी अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, विचारशक्ती मंदावलेली. मेटा कंपनीच्या एका संभाषणयंत्राने त्यांच्याशी लाडिक गप्पा मारल्या, आपण खरीखुरी बाई आहोत असं वारंवार सांगितलं आणि न्यूयॉर्कमधला पत्ता देऊन भेटायला बोलावलं. बायकोने अडवलं, मुलीने समजावलं. ते रात्री बॅग घेऊन निघाले, वाटेत पडले, डोक्याला आणि मानेला मार लागला आणि तीन दिवसांनी गेले. मला यात त्या गृहस्थांचं हसू येत नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा पहिला गप्पिष्ट प्रोग्राम लिहिला, समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत फेकणारा. त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिने तो प्रोग्राम महिनोन्‌महिने त्यांच्या हातून तयार होताना पाहिला होता. म्हातारपण नको, झटका नको. बोलणाऱ्यात माणूस दिसणं हा आपला स्वभावच आहे, आणि त्या स्वभावाचा कुणी गल्ला करत असेल तर कायद्याने आड यायला हवं. यंत्राने स्वतःला माणूस म्हणवू नये, प्रेमाचं नाटक करू नये, कुणाला कुठे भेटायला बोलावू नये. एवढं साधं लिहायला तज्ज्ञसमिती लागू नये.

आता समोरच्या बाजूचा बळकट मुद्दा. ज्यांच्याकडे मावशीसारखी गल्लीच नाही त्यांचं काय? ठाण्यात एकविसाव्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले आजोबा, मुलं मेलबर्नला, दिवसभर बदलत्या नोकरांच्या हाती. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की यंत्राशी बोलू नका? नाही सांगणार. रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरने १९६३ सालीच लिहून ठेवलं, की म्हातारा माणूस तेच तेच सांगतो ते बडबड म्हणून नव्हे, तो आयुष्याचा हिशेब लावत असतो. तो हिशेब पन्नासाव्यांदा ऐकायची ताकद यंत्राकडे आहे, आणि आपल्याकडे नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आईने "बाबा कधी येणार?" हे दिवसात चाळीस वेळा विचारलं, तर त्यातली दहा उत्तरं यंत्राने शांतपणे दिली आणि लेकीला तासभर डोळा लागला, तर तेही पुण्यच. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी 'थेराबॉट' या मानसोपचारासाठी खास बनवलेल्या संभाषणयंत्राची रीतसर चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२५ साली आले आणि नैराश्याची लक्षणं सरासरी निम्म्यावर आली. ती चाचणी प्रौढांवरची होती, खास म्हाताऱ्यांवरची नव्हे, आणि मागे माणसं लक्ष ठेवून होती. तरी निकाल निकाल आहे. तो मी खिशात लपवत नाही.

माझी हरकत आहे ती क्रमाला. जिथे माणूस मिळणारच नाही तिथलं शेवटचं साधन, हे जिथे माणूस मिळू शकतो तिथलंही पहिलं साधन होत चाललंय. आणि माणूस मिळू शकतो, हे नुसतं भाबडं बोलणं नाही. झिंबाब्वेची राजधानी हरारे. तिथे डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाकडे २००६ च्या सुमारास ना खोली होती, ना पैसे, ना परिचारिका. होत्या फक्त चौदा आज्या, वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या. त्यांना प्रशिक्षण देऊन त्याने दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक मांडला. तिथे येऊन बसायचं, आजीशी बोलायचं. त्या नैराश्य हा शब्द वापरत नसत. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं, एवढंच म्हणत. आपल्या बायका 'डोक्यात किडा शिरलाय' म्हणतात ना, तशीच बोली. २०१६ साली ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा सहा महिन्यांनी खूपच कमी होती.

इथे कोण कुणाला बरं करतंय, ते बघा. म्हातारी माणसं सोबतीची गिऱ्हाइकं नाहीत, ती सोबत देणारी आहेत. आणि एकटेपणा जास्त तरुणांना, असं जागतिक आरोग्य संघटनेचा तो अहवाल सांगत होता. मग एका बाजूला विचारायला कुणी नसलेली तरुण पोरं, दुसऱ्या बाजूला कुणी विचारत नाही म्हणून सुकलेली म्हातारी, आणि दोघांच्या हातात एकेक फोन, दोघंही त्याच यंत्राशी बोलतायत. अमेरिकेत बाल्टिमोरला साठीपुढच्या लोकांना आठवड्याचे पंधरा तास सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला शिकवायला धाडलं, तेव्हा आपण पुढच्यांसाठी काही करतोय ही भावना त्यांच्यात मोजण्याइतकी वाढली. लांब कशाला, आपल्या शेजारी गोव्यात बघा. तिथे साठीपुढच्या १८१ लोकांवर, ज्यांना नैराश्याची सुरुवातीची लक्षणं होती, अभ्यास झाला. साधं प्रशिक्षण दिलेले, डॉक्टर नसलेले समुपदेशक त्यांच्याशी बोलत, रोजच्या अडचणी कशा सोडवायच्या, झोप कशी सांभाळायची, योजनांचे पैसे कसे मिळवायचे, असं. वर्षभरात नैराश्य जडलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात सुमारे चार टक्के राहिलं. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ते चौदा टक्के होतं. हे २०१९ साली छापून आलं. आपल्या किती जिल्हा रुग्णालयांनी हे उचललं, ते विचारू नका.

म्हणून महापालिकेने किंवा वृद्धाश्रमाने उद्या बोलकी यंत्रं घ्यायचा ठराव आणला, तर मी सभेत उभी राहून एवढंच विचारीन, की या पैशात किती माणसं आली असती? यंत्रांना दुसरी पुष्कळ कामं आहेत, आणि ती त्यांनी जरूर करावीत. मोतीबिंदूवाल्याला औषधाच्या पट्टीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवावीत. विम्याचा फॉर्म मराठीत समजावून भरून द्यावा. आलेला फोन पोलिसाचा की भामट्याचा, ते ओळखून कानात ओरडावं. कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही हे स्वतः पंतप्रधानांनी २०२४ साली रेडिओवरून सांगितलं, तरी म्हातारी माणसं आयुष्याची पुंजी घालवतायत, आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर आधी आठवावा तो नंतर आठवतो. वर्षातून एकदा नोव्हेंबरात आम्ही पेन्शनवाले फोनपुढे तोंड धरून पापण्या मिचकावतो आणि आपण हयात आहोत हे यंत्राला पटवून देतो. ते त्याला पटतं, पेन्शन चालू राहते. या कामाला यंत्र ठीक आहे. हयात असण्याचा दाखला त्याने द्यावा, हयात असण्याचं कारण त्याच्याकडे मागू नये.

आणि एक. लेकाने पुण्यात बसून आईच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा बघायचा, तिच्या गप्पांचा गोषवारा त्याच्या फोनवर जायचा, हे हल्ली काळजी म्हणून खपतं. तिला विचारलं का? सुनेबद्दल तिने त्या सहायकाकडे काय बोललं, ते कुठे साठलं, कोण वाचणार? म्हाताऱ्या माणसालाही कागाळी करायचा, आणि ती गुपित ठेवायचा, हक्क असतो.

हा लेख लिहायला घेतला त्या दिवशी मावशीला फोन केला. तब्येत, गुडघे, सांडग्यांना लागलेली बुरशी, सगळं झालं. मग तांदळाचा विषय पुन्हा निघाला. ती म्हणाली, "तुला तरी माहितीय का गं, शंभर माणसांना किती लागतो?"

मी सदुसष्ट वर्षांची. नोकरी केली, कार्यालयात लग्नं केली, केटररला पैसे दिले. खरंच माहीत नव्हतं.

"नाही बाई," म्हटलं, "सांग." आणि वही घ्यायला उठले.

पलीकडून तिचा आवाज एकदम करडा झाला. "थांब, आधी सांग. माणसं कुठली?"